मधुमेहींची जखम का चिघळते? एका जुन्या प्रश्नाचा इतिहास

इन्सुलिन मिळालेला जगातला पहिला रुग्ण म्हणून टोरांटोच्या लेनर्ड थॉम्पसनचे नाव वैद्यकाच्या इतिहासात कायमचे नोंदले गेले आहे. जानेवारी १९२२ मध्ये तो चौदा वर्षांचा होता आणि वाळून नुसता सापळा उरला होता. इन्सुलिनने त्याला आणखी तेरा वर्षे दिली. तो पुढे कशाने वारला, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. १९३५ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्याला न्यूमोनियाने गाठले.

हा तपशील किरकोळ नाही. इन्सुलिनने मधुमेहातला एक मृत्यू जवळजवळ हद्दपार केला. तो म्हणजे रक्तात आम्ल साचून, शुद्ध हरपून येणारा मृत्यू. दुसरा मृत्यू तसाच दबा धरून राहिला. गळू, काळपुळी, सडलेला पाय, क्षय, न्यूमोनिया ही त्याची रूपे. साखर वाढली की शरीर जंतूंपुढे नांगी का टाकते, हा प्रश्न इन्सुलिनपेक्षा कितीतरी जुना आहे आणि त्याचे उत्तर कितीतरी उशिरा हाती आले. हा धागा त्या प्रश्नाचा आहे.

सुरुवात आपल्याकडूनच करावी लागते, कारण या दुखण्याची सर्वांत बारकाईने केलेली जुनी नोंद संस्कृतात आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात प्रमेहाच्या अनुषंगाने सात प्रकारच्या पिडका, म्हणजे पुळ्या, सांगितल्या आहेत. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात त्यांची संख्या दहा होते. त्यांची नावे वाचताना लिहिणाऱ्याने त्या पुळ्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या, याविषयी शंका राहत नाही. कडा उंच आणि मध्ये खोलगट, मातीच्या परळासारखी ती ‘शराविका’. कासवाच्या पाठीसारखी ती ‘कच्छपिका’. मोहरीएवढी ‘सर्षपिका’, मसुरीएवढी ‘मसूरिका’. एका मोठ्या पुळीभोवती लहान पुळ्यांचे लेंढार असेल तर ती ‘पुत्रिणी’. आणि पाठीवर किंवा पोटावर उठणारी मोठी, निळसर, खोलवर ठणकणारी ती ‘विनता’. आपण जिला काळपुळी म्हणतो, तिचे हे वर्णन आजच्या शल्यचिकित्सकालाही परके वाटणार नाही.

सुश्रुताने या पुळ्यांच्या चिकित्सेसाठी चिकित्सास्थानात स्वतंत्र अध्याय दिला आहे: आधी प्रमेहाचा, मग प्रमेहपिडकांचा, मग मधुमेहाचा. गुदद्वार, हृदयाचा भाग, डोके, खांदे, पाठ आणि मर्मस्थाने येथे उठलेल्या, उपद्रवांसह आलेल्या पिडकांचा रोगी वैद्याने हाती घेऊ नये, असेही तो बजावतो. हा निष्ठुरपणा नव्हता. चिरफाड करूनही रोगी वाचत नाही, हे अनुभवाने कळलेल्या माणसाचा हा हिशेब आहे.

त्याच ठिकाणी एक विलक्षण वाक्य येते. प्रमेही माणसाच्या रसवाहिन्या दुर्बल झालेल्या असतात, त्यामुळे दोष वर चढत नाहीत आणि मधुमेह्याच्या शरीराच्या खालच्या भागात पिडका उठतात, असा त्याचा आशय आहे.

इथे थोडे थांबायला हवे. हे वाक्य वाचून ‘सुश्रुताला मधुमेही पायाचा रक्तपुरवठा ठाऊक होता’ अशी पोस्ट ठोकून देणे सोपे आहे. ती चूक ठरेल. प्रमेह ही संज्ञा आजच्या मधुमेहापेक्षा खूप व्यापक आहे. तिच्यात लघवीचे वीस विकार येतात आणि मधुमेह त्यांतला एक. रसवाहिन्या म्हणजे धमन्या नव्हेत, दोष म्हणजे जंतू नव्हेत. पण उलट बाजूचा उतावीळपणाही तितकाच वाईट. गोड लघवीचा आजार आणि न भरणाऱ्या पुळ्या यांचे नाते इतक्या ठामपणे नोंदवणे आणि त्याचे कारण बाहेरून आलेल्या गोष्टीत न शोधता शरीराच्या आतल्या दुर्बलतेत शोधणे, या दोन गोष्टी त्या ग्रंथात आहेत. युरोपात हे नाते शास्त्रीय चर्चेत पक्के व्हायला एकोणिसावे शतक उजाडले.

त्या चर्चेचा पाया १७७६ मध्ये लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉबसनने घातला. मधुमेह्याची लघवी आटवल्यावर खाली साखरेसारखा पदार्थ उरतो, हे त्याने दाखवले आणि रक्ताचा द्रवही गोड लागतो, असे नोंदवले. साखर मूत्रपिंडात तयार होत नाही, ती आधीच रक्तात असते, असा त्याचा अर्थ होता. सगळ्या शरीरात फिरणाऱ्या रक्तातच साखर असेल, तर सगळ्या शरीरात काहीतरी बिघडणार, हा विचार तिथून शक्य झाला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्समध्ये मार्शाल द कॅल्व्ही या वैद्याने पायाच्या गँगरीनचे आणि मधुमेहाचे नाते ठासून मांडले आणि १८६४ मध्ये मधुमेहातील अशा उपद्रवांवर मोठा ग्रंथ लिहिला. गँगरीन झालेल्या रोग्याची लघवी तपासली तर अनेकदा साखर सापडते. ‘हा पाय का सडला?’ या प्रश्नाचे उत्तर पायात नसून लघवीच्या भांड्यात आहे, हे त्या काळच्या शल्यचिकित्सकांना पचायला जड गेले असणार.

मग जंतू आले. १८८० च्या सुमारास पाश्चरला गळवाच्या पुवात सूक्ष्मजीव दिसले आणि स्कॉटलंडच्या अलेक्झांडर ऑगस्टनने द्राक्षाच्या घोसासारख्या त्या जंतूंची ओळख पटवून त्यांना ‘स्टॅफिलोकॉकस’ हे नाव दिले. आता गुन्हेगार सापडला होता. मधुमेह्याच्या रक्तात साखर भरपूर आणि पू करणारे जंतू साखरेवर पोसतात, हे दोन तुकडे जुळवायला प्रतिभेची गरज नव्हती. १८८८ मध्ये पोलंडचे जंतुशास्त्रज्ञ ओडो बुयविड यांनी द्राक्षशर्करा आणि स्टॅफिलोकॉकस यांची जोडी पू होण्यास कारण ठरते, असा निबंधच प्रसिद्ध केला.

साखर म्हणजे जंतूंचे खाद्य. हे स्पष्टीकरण इतके सुटसुटीत आहे की ते प्रयोगशाळेतून बाहेर पडून घराघरांत शिरले आणि तिथेच राहिले. ‘शुगरवाल्याच्या जखमेवर जंतू गोडाला मुंग्या लागाव्यात तसे येतात’ ही समजूत आजही ऐकू येते. मुंग्यांचा संदर्भ तर फार जुना. लघवीला मुंग्या लागणे हे लक्षण आयुर्वेदाच्या संहितांतही येते.

या स्पष्टीकरणात एक भोक होते. निरोगी माणसाच्या रक्तातही साखर असतेच, उपाशीपोटी दर शंभर मिलिलिटरला सत्तर ते शंभर मिलिग्रॅम. स्टॅफिलोकॉकसचे पोट भरायला तेवढी पुष्कळ झाली. निरोगी माणसाच्या शरीरात जंतू उपाशी मरत नाहीत. त्यांना मारले जाते. तेव्हा प्रश्न उलटा विचारायला हवा होता: मधुमेह्याच्या शरीरात त्यांना मारणारा कुठे गेला?

हा मारणारा कोण, हेही तोवर कळू लागले होते. १८८२ मध्ये इटलीतल्या मेसिना येथे इल्या मेचनिकॉव्ह यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा खुपसला. दुसऱ्या दिवशी सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तर फिरत्या पेशींनी काट्याला गराडा घातला होता. शरीरात शत्रूला गिळणाऱ्या पेशी असतात, हा सिद्धान्त तिथे जन्मला आणि १९०८ मध्ये त्याला नोबेल मिळाले. (मुंबईशी असलेला एक धागा: मेचनिकॉव्ह यांचे ओडेसातले विद्यार्थी वाल्डेमार हाफकिन यांनीच १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची लस तयार केली.)

पण मेचनिकॉव्हच्या भक्षक पेशी आणि मधुमेह यांची गाठ पडायला आणखी अनेक दशके गेली. मधल्या काळात माणसे मरत राहिली.

लोकमान्य टिळकांना मधुमेह होता. मंडालेच्या तुरुंगातली १९०८ ते १९१४ ही वर्षे त्यांनी हा आजार सांभाळत, खाण्यापिण्यावर कडक निर्बंध ठेवून काढली. औषध असे नव्हतेच; पथ्य हेच औषध. जुलै १९२० मध्ये मुंबईत त्यांना ताप आला, न्यूमोनियाने छाती भरली आणि १ ऑगस्टला सरदारगृहात त्यांचे निधन झाले. चौसष्ट वर्षांचे वय, थकलेले शरीर, जुना मधुमेह आणि प्रतिजैविकांच्या आधीचा काळ. यांतल्या कशाचा वाटा किती, हे शंभर वर्षांनंतर ठरवता येणार नाही आणि ठरवल्याचा आवही आणू नये. एवढे मात्र खरे की पुढच्याच उन्हाळ्यात टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडाच्या अर्कावर काम सुरू केले.

११ जानेवारी १९२२ रोजी थॉम्पसनला दिलेले पहिले इंजेक्शन फसले. अर्क अशुद्ध होता. साखर जेमतेम उतरली आणि टोचल्या जागी गळू झाले. जेम्स कॉलिप यांनी शुद्ध केलेला अर्क २३ जानेवारीला दिला गेला आणि मग जे घडले, ते सर्वश्रुत आहे.

त्यानंतरच्या दहा-बारा वर्षांत एक विचित्र गोष्ट दिसू लागली. बोस्टनचे एलियट जोस्लिन हे मधुमेहाच्या रुग्णांच्या काटेकोर नोंदी ठेवणारे डॉक्टर. त्यांच्या रुग्णांत शुद्ध हरपून मरणाऱ्यांचे प्रमाण झपाट्याने घसरले. रुग्ण जगू लागले आणि जगले म्हणूनच त्यांचे पाय सडण्याइतकी वर्षे त्यांना मिळाली. १९३४ मध्ये जोस्लिन यांनी मधुमेही गँगरीनच्या संकटावर लेख लिहिला, तर त्यांचे सहकारी हॉवर्ड रूट यांनी त्याच वर्षी मधुमेह आणि क्षय यांच्या संबंधावर. पाय रोज धुवा, नखे नीट कापा, अनवाणी चालू नका, असली साधी शिकवण जोस्लिन यांनी उपचाराच्या केंद्रस्थानी आणली. तोवर डॉक्टरांच्या लेखी हे परिचारिकेचे काम होते. इन्सुलिनच्या शोधाइतके नाट्य यात नाही, पण पाय वाचवण्याच्या बाबतीत याचे मोल कमी नाही.

पहारेकऱ्यांच्या दुबळेपणाचा थेट पुरावा १९६० नंतर हाती येऊ लागला. त्यासाठी वापरलेली युक्ती साधी होती: त्वचेचा वरचा पापुद्रा अलगद खरवडायचा, त्यावर काचेची पातळ चकती ठेवायची आणि ठरावीक वेळाने ती बदलून तिच्यावर किती पांढऱ्या पेशी येऊन चिकटल्या, ते मोजायचे. १९६२ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी ही चकती मधुमेह्यांच्या हातावर ठेवली. ज्यांच्या रक्तात आम्ल साचले होते, त्यांच्या पेशी जखमेपाशी उशिरा पोहोचत होत्या. मेचनिकॉव्हच्या काट्याभोवती जो गराडा रातोरात पडला होता, तो इथे वेळेवर पडतच नव्हता.

त्यानंतर जॉन बॅगडेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ आणि १९७४ मध्ये या पेशींची कामगिरी तपासली. साखर बेताल असलेल्या रुग्णांच्या पांढऱ्या पेशींची जंतू गिळण्याची आणि मारण्याची क्षमता उणी होती. यापेक्षा मोलाची नोंद पुढची: उपचाराने साखर खाली आणली की तीच क्षमता सुधारत होती. दोष त्या माणसाच्या पिंडात नव्हता. ती अवस्था होती आणि ती पालटता येत होती.

असे का होते, याचा उलगडा पुढे तुकड्यातुकड्यांनी झाला. पांढरी पेशी जंतूला गिळते आणि मग ऑक्सिजनपासून जहाल रसायने तयार करून त्याला मारते. या भट्टीला एक विशिष्ट इंधन-रेणू लागतो, एनएडीपीएच. पेशीत साखर फार झाली की जादा साखरेची विल्हेवाट लावणारी एक रासायनिक वाट सुरू होते आणि तीही तोच रेणू खर्च करते. दारूगोळा असा स्वयंपाकघरात जळून जातो. त्यातच साखर प्रथिनांना चिकटून त्यांचे आकार बिघडवते. जंतूंवर ‘हा शत्रू’ अशी खूण करणारी रक्तातली प्रथिनेही त्यातून सुटत नाहीत. बारीक रक्तवाहिन्या जाड होतात, म्हणून फौज जागेवर पोहोचायला उशीर. नसा बधिर होतात, म्हणून पायात खिळा रुतल्याची वर्दीच जात नाही.

या सगळ्यांत नवा आणि कदाचित सर्वांत रंजक अध्याय आहे तो ऊतींच्या स्वतःच्या शस्त्रांचा. पांढऱ्या पेशी पोहोचण्याआधी त्वचा, आतडे, मूत्राशयाचे अस्तर आपणहून जंतूंना मारतात, हे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत नीट माहीतच नव्हते. याची पहिली चाहूल अलेक्झांडर फ्लेमिंगला लागली होती. नाकातल्या शेंबडात आणि अश्रूंत जंतू विरघळवणारा पदार्थ असतो, हे त्याने प्रसिद्ध केले ते इन्सुलिनच्याच वर्षी, १९२२ मध्ये. १९८१ मध्ये स्वीडनच्या हान्स बोमन यांना एका पतंगाच्या कोशात जंतुनाशक प्रथिनांचे छोटे तुकडे सापडले. १९८५ मध्ये माणसाच्या पांढऱ्या पेशींतली ‘डिफेन्सिन्स’ ओळखली गेली. १९८७ मध्ये मायकल झॅसलॉफ यांना बेडकाच्या कातडीत असेच रेणू मिळाले; शस्त्रक्रिया करून गढूळ पाण्यात सोडलेल्या बेडकांच्या जखमा सडत का नाहीत, या कुतूहलातून.

किडा, बेडूक, माणूस. सर्वांच्या कातडीत शस्त्रागार आहे. मग मधुमेह्याच्या कातडीतले शस्त्रागार कोणत्या अवस्थेत असते?

याचे उत्तर एकसुरी नाही. न भरणाऱ्या मधुमेही पायाच्या जखमांचे तुकडे मेक्सिकोतील संशोधकांनी तपासले, तेव्हा काही डिफेन्सिन्स वाढलेली दिसली. पण ‘एलएल-३७’ हा, जंतू मारण्याबरोबर जखम भरायलाही मदत करणारा रेणू फार कमी होता किंवा नव्हताच. २०२२ मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतील आनेली ब्राउनर यांच्या गटाने मूत्राशयाकडे पाहिले. तिथल्या अस्तरात ‘सोरायसिन’ नावाचे जंतुनाशक प्रथिन असते. साखर जास्त असेल तर ते घटते आणि लघवीच्या मार्गात शिरलेल्या जंतूंना आयते मोकळे रान मिळते, असे त्यांना दिसले.

बुयविड मग पूर्ण चुकीचा होता का? तसेही नाही. २०१२ च्या आसपास मधुमेहावर अशी औषधे आली, की जी जादा साखर मुद्दाम लघवीतून बाहेर टाकतात. नकळत एक मोठा मानवी प्रयोगच उभा राहिला, कारण आता लाखो लोकांची लघवी गोड होती. या औषधांनी जननेंद्रियांवरची बुरशी स्पष्टपणे वाढली, पण मूत्रमार्गातल्या जिवाणूंच्या संसर्गात तशी ठळक वाढ आढळली नाही. काही बुरश्यांना साखरेची मेजवानी खरोखर मानवते. बाकीच्यांसाठी खरी मेजवानी पहारा उठल्याची असते.

आणि मग २०२१. महाराष्ट्राने हा इतिहास कोविडच्या दुसऱ्या लाटेत स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. म्युकरमायकोसिसची बुरशी नवी नव्हती. ती माती, पालापाचोळा, शिळी भाकरी यांत असते आणि तिचे बीजाणू रोज श्वासातून आत जातात. माणसातल्या या आजाराचे पहिले सविस्तर वर्णन १८८५ मध्ये पाल्टॉफ यांनी केले. १९४३ मध्ये अमेरिकेत तीन रुग्णांची नोंद झाली, ज्यांत बुरशी नाकातून डोळ्याकडे आणि तिथून मेंदूकडे गेली होती. तिघेही मधुमेही, तिघांच्याही रक्तात आम्ल साचलेले.

आम्लच का? हे १९८२ मध्ये कळले. शरीराची एक संरक्षक रीत म्हणजे जंतूंना लोह मिळू न देणे. रक्तातले ट्रान्सफेरिन हे प्रथिन लोह घट्ट धरून ठेवते. रक्त आम्लयुक्त झाले की ही मूठ सैल होते, आणि या बुरशीला हवे असते ते हे सुटे लोह. कोठार फोडावे लागत नाही. त्याचे कुलूप आतूनच निघते.

दुसऱ्या लाटेत कोविडने आणि जीव वाचवण्यासाठी दिलेल्या स्टेरॉइडनी अनेकांची साखर एकदम चढवली. काहींना आपल्याला मधुमेह आहे, हे तेव्हाच प्रथम कळले. जुलै २०२१ च्या मध्यापर्यंत देशातील रुग्णसंख्या पंचेचाळीस हजारांवर गेली. सर्वाधिक रुग्ण महाराष्ट्रात आणि गुजरातेत होते. अँफोटेरिसिन-बी या इंजेक्शनसाठी नातेवाईक गावोगाव फिरले. कित्येकांचा डोळा किंवा वरचा जबडा काढावा लागला. मे महिन्यात केंद्राने राज्यांना हा आजार १८९७ च्या साथरोग कायद्याखाली नोंदणीयोग्य ठरवायला सांगितले. हा तोच कायदा, जो मुंबईच्या प्लेगसाठी घाईघाईने करण्यात आला होता.

उपचार तीन आघाड्यांवर एकाच वेळी चालत. मेलेला भाग कापून काढणे आणि औषध देणे, या दोन गोष्टी सर्वांना दिसत होत्या, त्यांच्याच बातम्या झाल्या. तिसरी रुग्णाच्या उशाशी शांतपणे चाललेली असे: इन्सुलिन देऊन रक्तातली साखर आणि आम्ल उतरवणे, दर काही तासांनी बोटाला सुई टोचून आकडा पाहणे आणि पुन्हा मात्रा ठरवणे.